वहिनी नव्हे, सिस्टर

माझी मावशी युद्धावर गेली होती, ही गोष्ट तिला दर महिन्याला नव्याने पटवून द्यावी लागायची.

माजी सैनिकांच्या मंडळाची बैठक वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरायची. लिफ्ट कायम बंद. मावशी गुडघ्यांना आणि जिना बांधणाऱ्याला सारख्याच शिव्या घालत वर पोचायची, तर दारात हजेरी घेणारे गृहस्थ हसून विचारायचे, "या वहिनी. मिस्टर कोणत्या पलटणीत होते?"

"मिस्टर पाणीखात्यात होते," मावशी म्हणायची. "जन्मात त्यांनी झुरळसुद्धा मारलं नाही, मला हाक मारायचे. पलटणीत मी होते. लष्करी इस्पितळात नर्स."

"हो हो, बरोबर," असं म्हणून ते तिला डावीकडे बसवायचे. डावीकडे विधवा बसायच्या. मावशी विधवा होतीच, त्यामुळे भांडायला मुद्दाही पक्का सापडायचा नाही, आणि ती आणखीच चिडायची.

मंडळाचे अध्यक्ष एक निवृत्त कॅप्टन. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याकडे एक पूल होता. हा पूल त्यांनी युद्धात राखला होता आणि दर बैठकीला तो पुन्हा राखायचे. मावशीच्या मते तो पूल दर महिन्याला थोडा लांब होत होता आणि खालची नदी खोल. "सुरुवातीला ओढा होता गं," ती मला सांगायची. "मी स्वतः ऐकलंय. आता त्यातून जहाजं जातील."

मग जायचं कशाला, असं मी विचारायचे. कारण तिला तिथे नेणं-आणणं माझ्याकडे होतं आणि दर वेळी माझी अर्ध्या दिवसाची रजा जात होती.

"टिटवीसाठी," ती म्हणायची.

टिटवी म्हणजे तिच्याबरोबरची नर्स. आवाज इतका कर्कश की डॉक्टरांनीच ते नाव पाडलं होतं. आघाडीच्या मागे एका शाळेत इस्पितळ होतं. दोन-दोन बाकं जोडून त्यावर जखमी निजवायचे, फळ्यावर खडूने कोणाला कोणतं इंजेक्शन झालं ते लिहायचं. जवळपास तोफा चालू झाल्या की शेजारच्याचं ऐकू यायचं नाही, पण टिटवी एका वर्गातून ओरडली की तिसऱ्या वर्गातून कात्री यायची. युद्ध संपलं, दोघी दोन गाड्यांमध्ये बसून दोन दिशांना गेल्या, आणि पुढे संसार, मुलं, बदल्या. शोधायचं राहून गेलं. काका गेल्यावर मात्र मावशीने ध्यास घेतला.

पुरुषांना हे सोपं असतं. त्यांचं नाव तेच राहतं, पलटण तीच राहते. मंडळाच्या पत्रिकेत 'जुने सोबती' असं सदर होतं, त्यात कोणी दोन ओळी दिल्या की पंधरा दिवसांत एखादा म्हातारा फोनवर रडत असायचा. टिटवीचं युद्धाच्या वेळीच लग्न ठरलेलं होतं. नवरा इंजिनियर, एवढंच मावशीला माहीत. त्याचं आडनाव तिने तेव्हा विचारलं नव्हतं, टिटवीच्या माहेरचं गावही नाही. "रक्त थांबवत होतो आम्ही, लग्नपत्रिका छापत नव्हतो," ती म्हणायची. तेव्हा टिटवी आता कोणत्या नावाने, कोणत्या गावात संसार करते आहे, हे कळणार कसं?

तरी मावशीने त्या सदरात मजकूर दिला. तो असा छापून आला: 'दिवंगत सैनिकाच्या पत्नी आपल्या बालमैत्रिणीच्या शोधात.' मंडळाने काकांना पाणीखात्यातून उचलून थेट सैन्यात भरती केलं होतं. मावशीने फोन लावला आणि ती जे बोलली त्यानंतर संपादकांनी काही दिवस फोन उचलणंच बंद केलं. पुढच्या अंकात दुरुस्ती आली, तिच्यात मावशीचं वय चुकलं.

तरीही फोन आले. एक बाई आल्या, त्या दाताच्या दवाखान्यात होत्या आणि युद्धाच्या वेळी पाचवीत. दुसऱ्या एका बाईंना आम्ही इतक्या लांब भेटायला गेलो की गाडीचा क्लच गेला. त्या खरोखर लष्करी नर्स होत्या, पण इस्पितळ वेगळं, आघाडी वेगळी. मावशीने अर्धा तास गोड बोलून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "कुजबुजते ती. टिटवीला कुजबुजता आलं असतं तर माझा डावा कान आज शाबूत असता." एक गृहस्थ मात्र दोन-तीनदा फोन करत राहिले. त्यांना टिटवीशी देणंघेणं नव्हतं, एकटेपणा होता. मावशीने त्यांना रक्तदाब तपासायला सांगून फोन ठेवला.

मंडळात एकदाच तिला बोलायची संधी मिळाली. तिने शाळेची गोष्ट सुरू केली, टिटवीचं नाव घेतलं, बाकांपर्यंत आली, आणि कॅप्टन उठून टाळ्या वाजवत म्हणाले, "वा वहिनी! महिलांचंही योगदान विसरून चालणार नाही. आता चहा." लोक चहाकडे धावले. मावशी उभीच राहिली. मी तिला घरी न्यायला उठले, तेवढ्यात मागच्या रांगेतले चष्मेवाले काठी टेकत आमच्याकडे आले.

बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. एक पाय लाकडी. बैठकीत ते कधी बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"सिस्टर," ते म्हणाले, "तुम्ही त्या बाईंचं नाव टिटवी म्हणालात ना? त्या शाळेत मी होतो. भूगोलाचे नकाशे लावलेल्या वर्गात."

 मावशीला त्या हॉलमध्ये कोणी प्रथमच सिस्टर म्हटलं होतं.

"मला पाय कापू द्यायचा नव्हता," चष्मेवाले म्हणाले. "मी डॉक्टरांच्या अंगावर धावून गेलो, पडल्या पडल्या. त्या बाईंनी मला असं झापलं म्हणता! म्हणाल्या, माझ्या बापाच्या छापखान्यात एक लंगडा आहे, तो तुझ्या दुप्पट काम करतो, तुझ्यासारखा भोकाड पसरत नाही. नंतर रोज येऊन त्या छापखान्याच्या गोष्टी सांगायच्या. रेल्वे पुलाखाली, शाईचा वास, वरच्या मजल्यावर घर. गावाचं नावही सांगायच्या."

"गाव कोणतं?" मावशी जवळजवळ ओरडली.

त्यांनी सांगितलं. आमच्यापासून गाडीने जेमतेम दोन तासांवर.

दुसऱ्या दिवशी मी त्या गावातले छापखाने शोधून फोन करत बसले. तिसऱ्या ठिकाणी एका घाईतल्या माणसाने फोन घेतला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे आत्या. वरच राहते. देऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने वर हाक मारली. वरून जो आवाज आला तो फोनमधून खोलीभर पसरला. शेजारी भाजी चिरत बसलेल्या मावशीच्या हातातली सुरी खाली पडली.

"आडनाव काय आहे तिचं?" मावशीने मला विचारलं.

आडनाव जुनंच होतं. टिटवीने लग्नच केलं नव्हतं.

त्या रविवारी आम्ही निघालो.  वाटेत मावशी म्हणाली, "एकच गोष्ट विचारायचीय तिला."

"काय?"

"एक पोरगा होता. पोटात लागलेलं. वाचणार नव्हता, आम्हाला कळलं होतं. पाणी देता येत नव्हतं, ओल्या कापडाने ओठ पुसत होतो. तो मला ताई समजायला लागला. म्हणाला, ताई, रागाव ना, नेहमीसारखी रागाव. मला रागावता येईना. तर टिटवी पुढे झाली. आंघोळ केलीस का, दप्तर कुठे टाकलंस, चिखलाचे पाय घेऊन घरात आलास, अशी झापत राहिली त्याला. बाहेर तोफा आणि आत ही. शेवटपर्यंत."

तिने गाडीची काच वर केली.

"मला आठवतं की तो हसला. पण खरंच हसला की मीच नंतर मनाने घातलंय, आता कळत नाही. टिटवी माझ्या समोर होती. तिने बघितलं असेल."

छापखान्याच्या वरच्या खोलीत एक किडकिडीत म्हातारी दार उघडून उभी होती. दोघींनी एकमेकींना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जाड झालीस," टिटवी म्हणाली.

"आवाज कमी कर," मावशी म्हणाली. मग दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि बराच वेळ मला आत जायला वाट मिळेना.

मला वाटलं होतं, आता दोघी आठवणींत रमतील. कसलं काय! दहा मिनिटांत भांडण. वर्गातले पडदे हिरवे की निळे. मोठे डॉक्टर चष्मा लावायचे की नाही. छप्पर पडलं तेव्हा मावशी जिन्यात होती की कोठीत. "कोठीत होतीस तू, बिस्किटं खात," टिटवीने ठणकावलं. "मी? मी बँडेज मोजत होते!" असं दुपारभर.

"आणि लग्न का नाही केलंस?" मावशीने विचारलं. "मी तुला नवऱ्याच्या नावाने शोधत वणवण केली. कोणाच्या कोणाच्या बायकांना भेटून आले!"

"तो म्हणाला, युद्धातलं काही घरात बोलायचं नाही. मी म्हटलं, मग घरच नको." टिटवीने कप आदळला. "आणि मी नाही का तुला शोधलं? तुमच्या त्या मंडळाला फोन केला होता, दोन वर्षं झाली. तुझं माहेरचं नाव सांगितलं, सिस्टर आहे म्हटलं. तिकडून एक बाप्या म्हणतो, आमच्याकडे सिस्टर कोणी नाही, फक्त विधवा आहेत."

 मावशीचा चेहरा लाल होत गेला. मला त्या क्षणी कॅप्टनसाहेबांची खरोखर काळजी वाटली.

पण ती त्यांच्याबद्दल काही बोलली नाही. पदर नीट करावा तशी तिने स्वतःला सावरलं. "टिटवे, तो पोरगा आठवतो? तू झापत होतीस तो?"

टिटवीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "त्याच्यासाठीच तर तुला शोधत होते. मी त्याच्याकडे बघितलंच नाही गं. खाली मान घालून जखम दाबून धरली होती. वर बघितलं असतं तर माझ्याने ओरडणं झालं नसतं. तू त्याच्या उशाशी होतीस. इतकी वर्षं मला वाटतंय, मरणाऱ्या पोराला आपण शिव्या घातल्या. त्याला... कसा दिसत होता तो?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही.

"हसला," ती म्हणाली. "चांगला हसला. दात दिसले."

"खरं?"

"अगं, मी समोर होते ना!"

टिटवीने तोंडावर हात दाबला आणि ती आवाज न करता रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

परत येताना मी विचारलं, "मावशी, म्हणजे तुला नक्की आठवलं?"

"पुढे बघून गाडी चालव," ती म्हणाली.

पुढच्या बैठकीला मावशी टिटवीला घेऊनच गेली. दारातल्या गृहस्थांनी तोंड उघडायच्या आत टिटवीने स्वतःचं नाव, हुद्दा आणि इस्पितळ अशा आवाजात सांगितलं की खाली वाचनालयात लोकांनी माना वर केल्या. दोन वर्षांपूर्वीचा फोन कोणी घेतला होता, याचीही तिने जाहीर चौकशी केली. फोन कॅप्टनसाहेबांनीच घेतला होता. ते उभे राहिले, पांढरेफटक पडले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक झाली, सिस्टर. दोघींची माफी मागतो." मावशी त्यांना झापायचं पाठ करून आली होती. माफी अशी सरळ मिळाल्यामुळे तिची फारच पंचाईत झाली. "असू द्या," असं ती शेवटी इतकं तुसडेपणाने म्हणाली की ते आणखी ओशाळले.

त्या दिवशी चहा उशिरा झाला. शाळेची गोष्ट दोघींनी मिळून सांगितली, म्हणजे एकीने सांगितली आणि दुसरीने खोडली. चष्मेवाले पुढच्या रांगेत येऊन बसले होते. पडद्यांचा वाद त्यांच्याकडे गेला तेव्हा ते म्हणाले, पडदे नव्हतेच, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली होती. दोघी त्यांच्यावर तुटून पडल्या.

टिटवी चार दिवसांसाठी म्हणून मावशीकडे राहायला आली, ती अजून आहे. मावशी रोज मला फोन करून तिच्या तक्रारी सांगते. ही पहाटे उठून भांडी आपटते, हिला माझा चहा पातळ लागतो, रेडिओ केवढा लावते. मी एकदा वैतागून म्हटलं, "मग पाठव ना परत तिच्या गावाला!"

"पाठवायला काय झालंय?" मावशी फणकारली. "पण आधी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. मग थंडी जाऊ दे. आणि तू गं, मध्ये मध्ये बोलू नकोस."

मागून टिटवी ओरडत होती, फोन ठेव, दूध उतू चाललंय.