विहिरीतल्या मातीचा क्रम

"सायेब, बठ्ठं निवडून ठेवलं," सुपडूनाना म्हणाले. "काळी येकीकडे, पिवळी येकीकडे. आता तुमाले हुडकाचं काम नाही."

बांधावर मातीचे दोन मोठे ढीग होते. कडा फावड्याने सारख्या केलेल्या. मी सांगून गेलो होतो ती ओळ कुठेच नव्हती.

फैजपूरजवळच्या केळीच्या मळ्यातली ही गोष्ट. पन्नासच्या दशकातली. जळगाव तेव्हा पूर्व खानदेश होता आणि धुळे पश्चिम. मी सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ. नाव मोठं, काम एवढंच, की कुठल्या विहिरीला किती खोलीवर पाणी लागलं याचा रिपोर्ट धुळ्याला पाठवायचा. या पट्ट्यात तापीचा गाळ इतका जाड, की शंभर फूट खणलं तरी खडक लागत नाही. सुपडूनाना विहिरी खोदणाऱ्या टोळीचे मुकादम. साठी उलटलेली, आणि त्यातली अर्धी हयात जमिनीखाली गेलेली.

त्यांची टोळी या मळ्यात खोदत होती त्या विहिरीच्या वरच्या वीसेक हातांत मला काही दिसलं होतं. काळसर चिकणमातीचा थर, खाली कंकराने भरलेला पिवळा, पुन्हा काळसर, पुन्हा पिवळा. कंकर म्हणजे चुन्याचे खडे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं आणि चुना विरघळवतं. मग लांबलचक कोरडा काळ आला की पाणी उडून जातं आणि तो कार्बन चुन्यासकट खडा होऊन मातीत बसतो. म्हणजे पिवळा थर कमी पावसाच्या काळाचा, काळा जास्त पावसाच्या.

पण पाऊस कमीजास्त का झाला? युरोपातल्या एका गणितज्ञाने हिमयुगांचा हिशोब मांडला होता. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, कक्षाही कधी जवळजवळ गोल तर कधी लांबट होते, म्हणून उन्हाळ्यातलं ऊन हजारो वर्षांच्या फेऱ्यांनी बदलतं. ऊन बदललं तर आपला मान्सूनही बदलणार, असं माझं डोकं चालत होतं. थर ठरावीक फेऱ्यांनी आलेत असं दाखवता आलं असतं, तर निदान तोंड उघडायला जागा होती. सगळं अडलं होतं ते कुठल्या थराखाली कुठला, आणि किती जाड, यावर.

धुळ्याच्या साहेबांना मी हे सांगून पाहिलं होतं. "अहो, लोकांना पाणी पाहिजे," ते म्हणाले. "तुमचा भोवरा घरी फिरवा."

तरी मी नानांना सांगितलं, दर हातभर खोदलं की पाटीभर माती बांधावर ओळीने वेगळी ठेवा.

"कशाले?" त्यांनी विचारलं.

"सरकारी काम आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात धुळ्याहून तार आली आणि मी तीन आठवडे तिकडे फायली चिवडत बसलो.

विहीर खोदणारे वर आलेली माती कधी तशीच ठेवत नाहीत. काळी शेतात जाते, पिवळी भिंतींना, कंकर चुन्याच्या भट्टीला. माती न निवडणारा मुकादम आळशी ठरतो. मी येणार म्हणून नानांनी माझीही ओळ निवडून टाकली होती. अगदी मन लावून.

"आणि कंकर?" मी विचारलं.

"भाजला ना! पानी लागलं तं बांधकाम लगेच घ्या लागते, नाही तं बठ्ठी ढासळते. पान्यात कंकराच्या चुन्यावानी दुसरं काई धरत नाही."

मी विहिरीत वाकून पाहिलं. तळापासून काठापर्यंत दगडी बांधकाम. हजारो वर्षं मातीत बसलेला कार्बन भट्टीच्या धुराबरोबर परत हवेत गेला होता आणि उरलेल्या चुन्याने माझे थर कायमचे लिंपून टाकले होते. मला रडू आलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग तिथेच बसून मी नानांना सगळं सांगितलं. आस, ऊन, पाऊस, कंकर. त्यांना ते चटकन समजलं, याचाच मला जास्त त्रास झाला.

"मंग हे आधी काहून नाही सांगितलं?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर पुन्हा ओळ होती. काळी, पिवळी, काळी, पिवळी, सारख्या अंतरावर. "तुमी म्हनले तसं लावलं," नाना म्हणाले. "कंकर नाल्यातून आनून टाकतो."

गणितज्ञाला हवी होती हुबेहूब तशी ओळ. वहीत उतरवून घेतली असती तर तपासणारा कोणी नव्हता. मी वही उघडलीही.

"नाना, खरंच असंच होतं?"

नानांनी ओळीतलं एक ढेकूळ उचलून परत ठेवलं. "वरचे पाच-सात आठोतात. त्याच्या खालचं नाही आठोत, सायेब. तवा सांगितलं असतं तं ध्यान देलं असतं."

रिपोर्टात मी पाण्याची खोली लिहिली. खाली लिहिलं, 'थरांचा क्रम: नोंद नाही.' साहेबांनी खुशीत सही केली. पुढे माझी बदली झाली. बऱ्याच वर्षांनी समुद्राच्या तळाच्या गाळातून लोकांनी तो डुलणारा आस दाखवून दिला, हे मी वाचनालयात बसून वाचलं.

नव्या लोकांना मी एवढंच सांगतो: नमुना घेण्याआधी खोदणाऱ्याला कारण सांगा. त्यांना काय कळणार, असं मला वाटलं होतं. तो क्रम काठापासून तळापर्यंत पाहिलेला माणूस जगात एकच होता, आणि त्यालाच मी सांगितलं नव्हतं.