एका शिंगाची म्हैस आणि प्राप्तिकराच्या नोट्स

आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बी.कॉम. झाले, आणि हे सांगायला मी लाजत नाही. कुणी विचारलं नाही तरी सांगते. पण त्या पदवीच्या वाटेत एक म्हैस आडवी आली होती, ती हकीकत फार थोड्यांना माहीत आहे.

आमचं गाव जामखेड तालुक्यातलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. नगरला मावशीकडे राहून मी कॉलेज करत होते. मावशीचं घर सावेडीला. तेव्हा तिथे घरं थोडी आणि मोकळी रानं जास्त. कॉलेज गाठेपर्यंत चपलेला अर्धा मळा चिकटलेला असायचा. शिकायची परवानगी मिळाली होती ती एका अटीवर. चुलते घरात थोरले. त्यांनी सगळ्यांदेखत वडिलांना सांगितलं होतं, "शिकू दे. पन एकदाच. नापास झाली तर परत बसायचं न्हाई." वडिलांनी मान हलवली. त्यांच्याही हातात त्यापेक्षा जास्त काही नव्हतं.

शेवटच्या वर्षी प्राप्तिकर हा विषय आला. शिकवणारे सर हुशार होते, पण इंग्रजीतून बोलायचे आणि भरभर बोलायचे. मराठीतून पेपर लिहायची मुभा आम्हाला नुकतीच मिळाली होती. मुभा होती, पुस्तक नव्हतं. वर्गात साठेक मुलं आणि आम्ही चार मुली. सर एखादं कलम वाचायला लागले की निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघायचा आणि उरलेला निम्मा वहीत नुसती तारीख घालून बसायचा. मीही महिनाभर तारखाच घातल्या. मग मला भीती वाटायला लागली, कारण मला परत बसायचं नव्हतं.

मी सरांना गाठलं आणि सरळ सांगितलं की मला यातलं काही कळत नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, इंग्रजी पाठ करू नकोस. एकेक कलम घरच्या कुणाला तरी मराठीत समजावून सांग. त्याला कळलं तरच तुला कळलं.

घरी दुपारी मोकळी असायची ती मावशी. ती ज्वारी निवडत बसायची आणि मी समोर वही घेऊन. मावशी शाळेत गेली नव्हती, पण तिला गंडवणं सोपं नव्हतं. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, हे तिला लगेच पटलं. मग मी सांगितलं की दूध विकलं तर ते मात्र शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. तिचा हात सुपातच थांबला.

"म्हंजी जवारी इकली तर माफ, अन् दूध इकलं तर न्हाई? आन् म्हस खाती काय? कडबाच खाती ना? का सरकारच्या रानात चरती?"

मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, पुन्हा मावशीकडे आले, पुन्हा अडले, पुन्हा सरांकडे गेले. तिसऱ्या खेपेला ते जमलं. ज्वारी जमिनीतून येते, जमीन कसली म्हणून येते. दूध म्हशीतून येतं. कडबा शेतातला असला तरी म्हैस ही काही पीक नाही. शिवाय आमच्यासारख्यांच्या दुधाला कर बसतच नाही, उत्पन्नाची एक मर्यादा असते, हे सांगितल्यावर मावशीचा जीव खाली बसला. हे सगळं मी वहीत जसंच्या तसं लिहिलं: "समजा, माझ्या आईने ज्वारी विकली." "समजा, माझ्या आईने आमच्या एका शिंगाच्या म्हशीचे दूध विकले." आमच्या म्हशीचं एक शिंग खरंच मोडलेलं होतं. लिहिताना ती डोळ्यांसमोर आली म्हणून शिंगासकट लिहिली गेली, एवढंच.

ऑफिसच्या कामकाजाचा दुसरा एक पेपर होता. त्याच्या शेवटी एक धडा होता कॉम्प्युटरवर. नगरात कुणी तो पाहिला नव्हता. सरांनीही नाही, आणि तसं त्यांनी कबूल केलं. छिद्रं पाडलेल्या कार्डांवरून यंत्र माहिती वाचतं, असं पुस्तकात होतं. मला वाटलं, हे तर आपला एस.टी.चा कंडक्टर रोज करतो. तो तिकिटावर ठरलेल्या आकड्याला भोक पाडतो, आणि पुढे चढलेल्या तपासनीसाला एक शब्द न विचारता कळतं की तुम्ही कुठे बसलात आणि कुठे उतरायला हवं होतं. भोकाची जागा हीच माहिती. मी लिहिलं की कॉम्प्युटर म्हणजे असा तपासनीस, जो हजारो तिकिटं चुटकीसरशी बघतो, पण कंडक्टरनं भोक चुकीच्या जागी पाडलं तर बिचारा काहीच करू शकत नाही. मावशी म्हणाली, मग त्यात काय मोठं. मी समजले की धडा झाला.

या नोट्स वर्गात कशा पसरल्या ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पाथर्डीकडचा एक वर्गमित्र होता. घरचे ऊसतोडीला गेले की तोही महिना-दीड महिना त्यांच्याबरोबर जायचा, त्यामुळे त्याचे तास बुडत. त्यानं "ताई, चार दिवसांसाठी वही द्या" म्हणून मागितली. मी दिली. वही अकरा दिवसांनी परत आली. कव्हरावर चहाचा गोल डाग, आत पानापानाला बोटांचे ठसे, आणि समासात तीन वेगवेगळ्या अक्षरांत खुणा. मुलांच्या वसतिगृहात ती खोल्याखोल्यांतून फिरून, हातानं उतरवली जाऊन आली होती. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माझं अक्षर वाचून कुणी शिकतंय ही गोष्ट आमच्या घराण्यात नवीन होती.

परीक्षेत नेमका शेतीच्या उत्पन्नावर प्रश्न आला: उदाहरणासह स्पष्ट करा. मी लिहिलं. बाहेर आल्यावर पाथर्डीकर हसत म्हणाला, तुमच्या म्हशीनं तारलं बघा. मीही हसले. इतरांनी काय लिहिलं ते विचारायचं मला सुचलं नाही.

निकाल लागला तेव्हा फळ्यावरच्या यादीत माझा नंबर नव्हता. नापासांतही नव्हता. खाली वेगळी चिठ्ठी होती: चव्वेचाळीस नंबर, निकाल राखून ठेवला. त्यात माझा पहिला.

सरांनी बोलावून सांगितलं. परीक्षकांना चव्वेचाळीस पेपरांत एकाच म्हशीचं दूध सापडलं होतं. नुसती म्हैस असती तर ते गप्प बसले असते. नगर जिल्ह्यात म्हशी असतात. पण चव्वेचाळीस जणांच्या आयांची म्हैस एकाच शिंगाची, आणि त्यातल्या एकाचे वडील तर रेल्वेत, क्वार्टरमध्ये राहणारे. परीक्षेत सामुदायिक कॉपी झाली असा त्यांचा संशय होता. ते स्वतः चौकशीला येणार होते. दुसऱ्या पेपराच्या परीक्षकांनी मात्र कंडक्टरबद्दल काही कळवलं नव्हतं. बहुधा कॉम्प्युटर त्यांनीही पाहिला नसावा.

चौकशीच्या सकाळी मुलं कॉलेजच्या आवारात जमली होती. पाथर्डीकर मला बाजूला घेऊन म्हणाला की सगळ्यांचं ठरलंय: हे उदाहरण सरांनी वर्गात दिलं असं सांगायचं. सरांना कोण काय करणार? आणि मी जर नोट्स माझ्या आहेत म्हणाले, तर सगळं माझ्या एकटीच्या अंगावर येईल. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मला चुलते आठवले, त्यांचं ते "एकदाच" आठवलं. क्षणभर मला सरांचं नाव सांगणंच बरं वाटलं. पण ज्या माणसानं मला तीन वेळा म्हशीचं उत्तर समजावलं, त्याच्याच गळ्यात म्हैस कशी बांधायची?

मी म्हटलं, "सरांनी आमची म्हैस पाहिलेली नाही. तिचं शिंग मोडलंय हे त्यांना कसं माहीत असेल?"

तो म्हणाला, "जावा मग. पन आमालाबी बोलवा आत."

आत प्राचार्य, सर आणि परीक्षक बसले होते. परीक्षक वयस्क, किरकोळ अंगाचे, समोर पेपरांचा गठ्ठा. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

"ही म्हैस कुणाची?"

"आमची."

"आमची म्हणजे?"

"म्हणजे माझ्या आईची. बाकीच्यांची नाही."

प्राचार्यांनी रुमाल तोंडाला लावला. परीक्षक हसले नाहीत. मी वही पुढे केली. सगळं सांगितलं: मावशी, सुपातली ज्वारी, अकरा दिवस फिरलेली वही. परीक्षेला आम्ही तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसलो होतो, हेही सांगितलं. त्यांनी पानं उलटली आणि मावशीचा प्रश्न आला तिथे थांबले. तो त्यांनी मोठ्यानं वाचला, सरकारच्या रानात चरण्यासकट. मग चष्मा काढला.

"पाठ केलंय, की समजलंय?"

"माझं विचाराल तर समजलंय. बाकीच्यांचं मी कसं सांगू? ज्याला वाटेल त्याला आत बोलवा आणि म्हैस सोडून दुसरं काहीही विचारा."

हे मी कुणाला न विचारता बोलून गेले. सरांना खोकला आला. चव्वेचाळीसांतला एखादा जरी घोकंपट्टीवाला आधी आत आला, तर सगळेच बुडणार होते, आणि त्यांत मी पहिली.

परीक्षकांनी यादीतून पाथर्डीकराला बोलावलं. तो दारातच नमस्कार करून उभा राहिला. त्यांनी विचारलं की जत्रेत तमाशाच्या फडाला तंबूसाठी रान भाड्यानं दिलं, तर ते भाडं शेतीचं उत्पन्न का?

त्यानं डोकं खाजवलं. मी नखं खात होते.

"न्हाई साहेब. रान आपलंच, पन त्यात नांगर कुठं चालला? नाचगानं चाललं. तेच रान कुनाला कसायला दिलं अन् खंड घेतला, तर तो शेतीचा."

परीक्षकांनी आणखी पाच-सहा जणांना बोलावलं. रेल्वेवाल्यांच्या मुलाला कोंबड्यांच्या अंड्यांविषयी विचारलं. तो म्हणाला, कोंबडी रानात दाणे टिपते तरी ती रान कसत नाही. हे कुठल्याच वहीत नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा परीक्षक हसले आणि मला म्हणाले, "बसा."

शेवटी मला एक जबाब लिहून द्यावा लागला, नोट्स माझ्या आहेत म्हणून. कारकुनानं छापील कागद पुढे सरकवला. त्यात शिक्षणाचा रकाना होता. मी विचारलं, इथे काय लिहू? कारकून म्हणाला, असेल ते. मी म्हटलं, ते तर तुम्हीच राखून ठेवलंय.

आठ दिवसांनी निकाल लागला. चव्वेचाळीसांतले एकेचाळीस पास. राहिलेले तिघे वेगळ्याच विषयात अडकले होते, तरी त्यातल्या एकानं मला येऊन ऐकवलं की ताई, त्या विषयाच्याही नोट्स काढायला काय झालं होतं. मला दुसरा वर्ग मिळाला.

मी पत्र टाकलं नाही. सकाळची एस.टी. धरून गावी गेले. स्टँडवरून घरापर्यंत चालत आले, तर ओसरीवर चुलते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"झाली?"

"झाले."

ते उठून आत गेले. मला वाटलं, आता आईला हाक मारतील. ते बाहेर आले ते कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा घेऊन. सात-बाराचे उतारे, सोसायटीची पत्रं, कोर्टाचा कुठला तरी जुना कागद, सगळं एकत्र. इतकी वर्षं ते तलाठ्याकडे नाहीतर मास्तरांकडे जाऊन वाचून घ्यायचे. बी.कॉम.मध्ये सात-बारा शिकवत नाहीत, हे मी सांगायला गेले. त्यांनी ऐकलंच नाही. शेजारच्या घरी निरोप गेला होता. तिथूनही दोघं आपापले कागद घेऊन येऊन टेकले. आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मी अजून पायही धुतले नव्हते. पहिला कागद उघडला आणि वाचायला लागले.