सोडली ते बरं केलं

माझे वडील आयुष्यात कधी दारू प्यायले नाहीत. हे मी आजपर्यंत चारचौघांत कधी सांगितलेलं नाही. माझा धंदा या एका गोष्टीच्या उलट बोलण्यावर उभा राहिला.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. धुळ्याच्या बस डेपोत ते मेकॅनिक होते. पगाराच्या संध्याकाळी त्यांच्यासोबतचे काहीजण बसायचे, म्हणजे प्यायला बसायचे. बसण्याआधी घरी द्यायचे पैसे ते आबांच्या हवाली करायचे, कारण तेवढा एकच माणूस शुद्धीवर राहणार याची सगळ्यांना खात्री होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बायका आमच्या दारात यायच्या. आबा ज्याचे त्याचे पैसे तिच्या हातावर ठेवायचे आणि अंघोळीला जायचे. मी लहानपणी हे पाहिलं आहे. पुढे मी या बायकांचं काय केलं ते सांगतो.

बोलण्याचा नाद मला कॉलेजपासून होता. जळगावात एका क्लासवर शिकवत होतो, पण मन तिथे नव्हतं. दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभांना ज्या वक्त्यांना बोलावतात, त्यांच्यासारखं आपण बोलावं असं फार वाटायचं. तेव्हा या भागात नाव असलेले एक वक्ते होते. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. त्यांनी मला सोबत न्यायला सुरुवात केली. मुख्य भाषण त्यांचं, त्याआधीची पंधरा-वीस मिनिटं माझी. वेळेचं नियोजन, ध्येय, जिद्द असं मी बोलायचो. नशिराबादला एका शाळेत मी बोलत असताना पुढच्या ओळीतल्या मुली एकमेकींच्या हातावर पेनाने मेंदी काढत होत्या. मुख्याध्यापक मोबाइल बघत होते.

परत येताना हायवेच्या ढाब्यावर सरांनी शेवभाजी मागवली आणि विचारलं, “वडील काय करतात तुमचे?”

“डेपोत मेकॅनिक होते. आता रिटायर. साक्रीकडे गावी असतात.”

“पितात?”

“नाही.”

“कधीच नाही? सणावाराला वगैरे?”

“नाही सर. माळकरी आहेत.”

सरांनी कांदा फोडला. “मग अवघड आहे,” ते म्हणाले. “लोक काय म्हणून रडतील तुमच्यासाठी? बाप चांगला, आई चांगली, पोटाला भाकरी. अहो, हे तर सगळं वऱ्हाड जेवलेलं आहे, तुम्ही वाढताय कोणाला?”

मी हसलो. तेही हसले. खोटं बोल असं त्यांनी मला सांगितलं नाही, हे इथे लिहून ठेवतो. ते माझं मीच केलं.

फैजपूरला एका कॉलेजच्या हॉलमध्ये पहिल्यांदा केलं. सरांचा घसा बसला होता, पूर्ण वेळ माझ्या वाट्याला आला. दहा मिनिटांत मागच्या रांगा कुजबुजायला लागल्या. तेव्हा मी थांबलो, आवाज खाली आणला आणि म्हणालो, “माझा बाप दारू प्यायचा.”

हॉल असा शांत झाला की पंख्यांचा आवाज यायला लागला.

मला फार काही रचावं लागलं नाही. आहे तेच थोडं वळवायचं होतं. आबांच्या कपड्यांना डिझेलचा वास यायचा, मी तो दारूचा केला. एकदा जॅक सटकून त्यांचं कपाळ फुटलं होतं, भाषणात ते गटारीत पडले. आणि सकाळी दारात येणाऱ्या त्या बायका? त्या माझ्या भाषणात तक्रार घेऊन यायला लागल्या, तुझ्या बापाने आमच्या नवऱ्यांना बिघडवलं म्हणून. मुली रडत होत्या. एका प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. शेवटी बाप पोराच्या पुस्तकावर हात ठेवून दारू सोडतो असं मी सांगितलं, तेव्हा माझेही डोळे भरून आले. ते पाणी खोटं नव्हतं. हेच मला अजून समजलेलं नाही.

तिथून बोलावणी सुरू झाली. चोपडा, रावेर, शिरपूर. पत्रिकेवर नावाआधी ‘सुप्रसिद्ध प्रेरणादायी वक्ते’ छापून यायला लागलं. क्लास सोडला. आबा तिकडे साक्रीकडच्या खेड्यात, आपण इकडे केळीच्या पट्ट्यात, कोण सांगायला जातंय, असा माझा हिशोब होता. पण फैजपूरच्या कुणीतरी भाषणाचा व्हिडिओ टाकला होता, आणि व्हिडिओला कसला आला तालुका.

गावात आबांना कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. नोकरीची वर्षं त्यांनी धुळ्यात काढलेली, तिथलं गावाला काय ठाऊक; लोक त्यांचं कौतुक करायला लागले. पारावर, पिठाच्या गिरणीवर, बाजाराच्या दिवशी साक्रीत. “आबा, सोडी दिनी ते बरं कयं.” सोडून दिली ते बरं केलं. कुणी पाठीवर थाप मारायचं. एकजण आपल्या पिणाऱ्या पोराला घेऊन आला आणि म्हणाला, याला तेवढं समजवा, तुम्ही कशी सोडली ते सांगा.

हे मला मायने फोनवर सांगितलं. आबांनी त्या पोराला काय सांगितलं, असं मी विचारलं. माय म्हणाली, “काय सांगतीन? चहा पाजा अन् धाडी दिना.”

मग साक्रीचाच कार्यक्रम आला. शाळेच्या मैदानात मांडव, गुणगौरव, मी प्रमुख वक्ता. नाही म्हणता आलं असतं. पण आपल्या तालुक्यात सत्कार व्हावा ही हाव होती. आयोजकांनी मला न विचारता आबांना गावाहून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. पांढरा सदरा, टोपी, गळ्यात माळ. ते समोर बसलेले असताना मी ती गोष्ट सांगितली. न सांगून चाललं नसतं, लोक तीच ऐकायला आले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मांडवाच्या खांबाकडे बघत बोललो.

भाषण संपलं आणि निवेदकाने आबांना वर बोलावलं. व्यसनावर मात करणारे आदर्श पिता म्हणून. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि त्यांच्यापुढे माइक धरला. “आबा, दोन शब्द.”

आता एक वाक्य, आणि मी संपलो.

आबा घरीदारी अहिराणीच बोलायचे. शुद्ध मराठी फक्त डेपोतल्या साहेबांपुढे. त्या दिवशी ते शुद्ध बोलले. “मुलगा बोलला ते खरं आहे. मी पीत होतो. पोरांनो, तुम्ही पिऊ नका.” आणि नमस्कार करून खाली बसले. टाळ्या बराच वेळ चालू होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, स्टेजवर बसून हात मोकळे कसे ठेवणार.

गावी सोडायला जाताना गाडीत मी म्हणालो, “आबा, तुम्ही तसं कशाला बोललात?”

“मंग काय सांगतू? मना पोऱ्या खोटा शे?”

माझा पोरगा खोटा आहे असं सांगू का, म्हणून. गाव जवळ आल्यावर त्यांनीच विचारलं, “तुनं पोट भरस ना त्यानावर?”

“हो.”

“मंग ऱ्हाऊ दे.”

घरी गेल्यावर त्यांनी गळ्यातली माळ काढून देवापाशी ठेवली. पिणाऱ्याच्या गळ्यात माळ शोभत नाही, लोक देवाला नावं ठेवतील, असं मायला म्हणाले. पुन्हा घातली नाही. भजनात मागे बसायला लागले. मला हे कळलं होतं, आणि तरी मी पुढची तीन-चार वर्षं तीच गोष्ट सांगत फिरलो.

आबा अर्धांगाने गेले. स्मशानात माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणालं, “कितीही सोडली तरी शरीर विसरत नाही.” गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटतं त्या दिवशी, आमच्याकडे श्रद्धांजलीची भाषणं होतात. तिघे बोलले, तिघांनीही दारू सोडल्याबद्दल आबांची वाहवा केली. मग माइक माझ्याकडे आला. सगळं गाव बसलं होतं, साक्रीची माणसं होती. बायकांच्या बाजूने माय माझ्याकडे बघत होती. मी उपस्थितांचे आभार मानले आणि जेवून जाण्याची विनंती केली.

संध्याकाळी माय भांडी आवरत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या जलमभर पिनात नही. तूच पाजी त्यासले.” ते जन्मभर प्यायले नाहीत, तूच त्यांना पाजलीस.

त्यानंतरही काही ठिकाणी मी ती गोष्ट सांगितली. शेवट बदलून. त्यात बाप मरतो, आणि लोक जास्त रडतात. गेल्या वर्षापासून थांबलो आहे. बोलावणी कमी झाली. आयोजक फोनवर विचारतात, ती वडिलांची गोष्ट घेणार ना सर? मी नाही म्हटलं की बघतो, कळवतो म्हणतात.

हे लिहिलं म्हणजे फिटलं असं मी समजत नाही. आमच्या गावात पुस्तकं फारशी कुणी वाचत नाही. आबा कधी प्यायले नाहीत, मी खोटं बोललो, हे मला त्या गावात, त्या माणसांसमोर उभं राहून, माय जिवंत आहे तोवर तिच्या देखत माइकवरून बोलायचं आहे. अजून बोललेलो नाही.