कोपऱ्यावर सापडलेल्या वहिनी

मुलुंड पूर्वेला आमची गल्ली जिथे वळते तिथे एक भिंत आहे. गल्लीत चार सोसायट्या आहेत आणि ती भिंत चौघींपैकी एकीचीही नाही. त्यामुळे तिच्या पायथ्याशी सगळ्यांचा कचरा पडायचा आणि तो कायम दुसऱ्या सोसायटीचा असायचा. आमच्याकडे सभा झाली की समोरच्यांना कडक पत्र लिहायचं ठरायचं. समोरच्यांच्या सभेतही तेच ठरत असणार. पत्र कोणीच लिहिलं नाही, हे गल्लीचं नशीब.

मी आमच्या सोसायटीचा चेअरमन. वार्षिक सभेला हजर राहिलो, एवढंच माझं कर्तृत्व. मी निवृत्त झालो होतो, बायको जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी कॅनडात. लोकांना वाटलं या माणसाकडे वेळ आहे. बरोबरच वाटलं, माझ्याकडे वेळ सोडून दुसरं काही नव्हतंच. आठवडाभरात माझ्याशी बोलणारी माणसं म्हणजे एक दूधवाला आणि दुसरी, कर्ज हवंय का म्हणून फोन करणारी कुठल्याशा बँकेची मुलगी. मला कर्ज नको होतं, पण तिच्याशी मी जरा लांबवूनच बोलायचो.

समोरच्या सोसायटीची सेक्रेटरी ही एक निवृत्त नर्स. तिला सगळी गल्ली सिस्टर म्हणते, तिचा नवराही. एके सकाळी कचऱ्यातल्या काचेने तिची चप्पल फाटली आणि ती तशीच, चप्पल हातात घेऊन माझ्या दारात आली.

"चेअरमनसाहेब, पत्रबित्र काय नको. रविवारी खाली या," ती म्हणाली. "बाकीच्या दोघांना मी धरून आणते."

आणि तिने खरंच आणलं. कोपऱ्यावरच्या बिल्डिंगचे खजिनदार, ज्यांना आम्ही शेठ म्हणतो, आणि नव्या टॉवरचा सेक्रेटरी, कॉम्प्युटरच्या कंपनीतला चाळिशीचा गृहस्थ, ज्याच्या एका कानात कायम इअरफोन असतो. आमच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही चौघं बसलो. पहिल्या दिवशी भांडलोच. पण दुसऱ्या रविवारी शेठनी खाकरा आणला, तिसऱ्या रविवारी सिस्टरने पोहे आणले आणि मग त्या सभेची सवयच लागली. चार सोसायट्यांची संयुक्त समिती, असं भारदस्त नाव शेठनी तिला दिलं.

खरं सांगायचं तर मला कचऱ्याचं फारसं पडलेलं नव्हतं. मला रविवारचं पडलेलं होतं. शनिवारी संध्याकाळपासून मी उद्या काय बोलायचं याची जुळवाजुळव करायचो. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्यांच्या आधी खाली जाऊन खुर्च्या पुसून ठेवायचो. हे रविवार संपू नयेत एवढीच माझी इच्छा होती. ती अर्थातच कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

भिंतीवर देवांच्या टाइल्स लावायची कल्पना शेठची. मुंबईत हे औषध जुनं आहे. जिन्याच्या कोपऱ्यात गणपती, शंकर, देवी, शेजारी क्रॉस आणि मशीद अशा टाइल्स बसवल्या की लोक तिथे थुंकत नाहीत, कचरा टाकत नाहीत. शेठ म्हणाले, आपण बुद्धही लावू, म्हणजे कोणी राहिलं असं होणार नाही. त्यांनी हे अगदी आदराने आणि सिस्टरकडे बघून म्हटलं, कारण तिच्या सोसायटीत बरीच घरं बौद्ध आहेत आणि तिचंही त्यातलंच.

सिस्टरने पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "तुमच्या देवांचं तुम्ही बघा. बुद्धाला कचऱ्याच्या राखणीला बसवायचं नाही."

टॉवरवाल्याने दुसरा इअरफोनही कानात घातला. शेवटी बुद्ध सोडून बाकीचे लागले.

आणि काय सांगू, कचरा थांबला. आठवडाभर भिंत आरशासारखी होती. आम्ही चौघांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि चारही सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकला. शाबासकीचे अंगठे आले. मी घरी येऊन तो फोटो बराच वेळ बघत बसलो. मुलीला पाठवला. तिने लिहिलं, 'छान बाबा.'

त्यानंतर देव यायला लागले.

आपल्याकडे जुना देव कचऱ्यात टाकता येत नाही. काच फुटलेली तसबीर, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवरची लक्ष्मी, एक हात गेलेला बाळकृष्ण, हे सगळं पिंपळाखाली नाहीतर एखाद्या देवाच्या जागी ठेवायचं, नमस्कार करायचा आणि मागे न बघता चालायला लागायचं. आमच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत त्या वर्षी जुन्या इमारती पाडायला निघाल्या होत्या. लोक भाड्याच्या लहान घरांत जात होते आणि जाताना देवघरं आवरत होते. त्यांना आमची भिंत दिसली. इतके देव आधीच आहेत, आपलेही राहतील, असा त्यांचा हिशेब. बघता बघता तिथे तसबिरींची रांग लागली, निर्माल्याच्या पिशव्या, नारळ, तेलकट दिवे. पूर्वीचा कचरा सफाईवाले निदान उचलायचे. देवांना ते हात लावेनात.

वाट लागली, असं टॉवरवाला म्हणाला आणि त्या दिवशी त्याने दोन्ही इअरफोन काढून ठेवले.

मग दर रविवारी आम्हीच देव उचलायला लागलो. काच वेगळी, लाकूड वेगळं, कागद वेगळा. शेठ नमस्कार करून तसबीर हातात घ्यायचे, मी चौकट खोलायचो, सिस्टर काचा गोळा करायची, आणि विसर्जनाचं टॉवरवाला आपल्या गाडीतून घेऊन जायचा. सगळे वैतागले होते. मीही कपाळाला आठ्या घालून बसायचो, पण आतून मला बरं वाटत होतं. देव येत राहिले तर रविवार चालू राहणार होते.

अशाच एका रविवारी चादरीत बांधलेलं एक गाठोडं आलं. त्यात गणपती होता, दत्त होता, काच तडकलेली देवी होती आणि त्यांच्या खाली एक बाई होती. काळी चौकट, चंदनाचा हार, काचेवर कपाळाच्या जागी कुंकवाचा सुकलेला ठिपका. साठीची असेल. डोक्यावर पदर, ओठ घट्ट मिटलेले, नजर सरळ समोर.

आम्ही चौघंही थांबलो. देवाचं काय करायचं ते ठाऊक होतं, माणसाचं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. शेठ म्हणाले की हिलाही पाण्यात सोडावं. सिस्टर म्हणाली, "हिचं एकदा झालंय ना सगळं. परत कशाला बुडवायचं?"

मी संतापलो होतो. फोटोचा फोटो काढला, चारही ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपल्या आईला रस्त्यावर टाकणाऱ्याला लाज वाटली पाहिजे.' भराभर हात जोडलेले आले, रडके चेहरे आले. एका बाईंनी लिहिलं, कलियुग. पण ही आमची, असं कोणी म्हटलं नाही.

"तोवर तुमच्याकडे ठेवा," सिस्टर म्हणाली. "तुमच्या हॉलमध्ये खिळा रिकामा आहे."

तिला ते माहीत होतं. बायकोचा मोठा फोटो एकच होता. मुलगी सुट्टीवरून परत जाताना तो मागत होती आणि तिचा चेहरा बघून माझ्याने नाही म्हणवलं नाही. तेव्हापासून खिळा होता, फोटो नव्हता. मी त्या अनोळखी बाईला काच पुसून तिथे लावलं. परक्या बाईला रोज नुसतं बघत कसं बसायचं, म्हणून मी तिला वहिनी म्हणायला लागलो.

आमचं मूळ मालवणकडचं. वडील गिरणीत होते, घरात कायम मालवणी. बायकोही तिकडचीच. ती गेली आणि ती भाषाच घरातून गेली. मुलीला समजते, पण बोलत नाही. बाहेर तर प्रश्नच नाही. एका सकाळी नळ सुका होता आणि मी कावलेला होतो, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "काय गो वयनी, आज पाणी काय येवचा नाय." आणि मला एवढं हलकं वाटलं की काय सांगू. त्यानंतर मी रोज बोलायला लागलो. बाजारात बांगडा कसा महागलाय, गुडघा कसा दुखतोय, टॉवरवाले स्वतःला काय समजतात. बायकोबद्दलही बोललो, जे मी मुलीशी बोललो नव्हतो. वहिनी शहाण्यासारख्या ऐकून घेत. वेड लागलं म्हणा हवं तर. घरात कोणीतरी होतं.

इकडे समितीने शेवटी चूक कबूल केली. देव काढायचे, त्या जागी झाडांच्या कुंड्या ठेवायच्या, दिवा लावायचा आणि बसायला कट्टा बांधायचा. एकेका सोसायटीने आठवडा आठवडा पाणी घालायचं. पण टाइल्स काढणार कोण? गवंड्याने कानाला हात लावले. शेठनी लावले. मीही छिन्नी हातात घेतली आणि परत ठेवली. सिस्टर पुढे आली. "द्या इकडे. मला काय होत नाय," म्हणाली आणि स्टुलावर बसून तिने एकेक टाइल अशी काढली की एकीचाही टवका उडाला नाही. ऑपरेशनला असायची ना ती, हात तसाच. गणपती शेठ घरी घेऊन गेले. पुढे कोणीतरी हौसेने तुळस आणली तर सिस्टरने ती परत पाठवली. आज तुळस लावली की उद्या दिवा येईल, परवा देव, असं तिचं म्हणणं.

कोपरा झकास झाला. हे मी मनापासून सांगतो. संध्याकाळी तिथे लोक बसतात, कुंड्यांना पाणी वेळेवर पडतं, आणि चार सोसायट्या एकमेकींना ओळखतात. शेवटच्या सभेत टॉवरवाला म्हणाला की आता दर रविवारी भेटायची गरज नाही, काही असलं तर ग्रुपवर बोलू. सगळ्यांना हायसं वाटलं. सिस्टरला रविवारी लेकीकडे जाता येणार होतं, शेठना देरासरात, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

पुढच्या रविवारी मी दाढी केली, शर्ट घातला आणि मग लक्षात आलं. तरी खाली जाऊन आलो. पार्किंगमध्ये खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं, बायको गेली त्या आठवड्यापेक्षाही जास्त, कारण तेव्हा घरात माणसं होती. वर येऊन वहिनींना सगळं सांगितलं.

असे काही महिने गेले. एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात पन्नाशीचा एक माणूस, घामाघूम. मागच्या गल्लीत राहायचा, बिल्डिंग पाडायला गेली तेव्हा भांडुपला भाड्याने गेला होता. त्याच्या जुन्या शेजाऱ्याने आत्ता कुठे त्याला आमच्या ग्रुपवरचा तो फोटो दाखवला होता. बोलता बोलता त्याची नजर माझ्या मागे भिंतीवर गेली आणि तो बोलायचा थांबला. चपला काढून आत आला, हात जोडून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

मग कळलं ते असं. आईचा फोटो त्यांच्याकडे देवांच्याच भिंतीवर असायचा. घर आवरताना फुटक्या तसबिरी चादरीत बांधल्या, त्यांत आईही गेली. त्याला वाटलं बायकोने आईला सामानात भरलंय, बायकोला वाटलं त्याने. नव्या घरात एकेक खोका उलटा करून झाला, दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

"तुमचा मेसेज पण वाचला, काका," तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला. मला मान वर करवेना.

त्याने खिळ्यावरून फोटो उतरवायला हात वर केला आणि माझ्या तोंडून गेलं, "राहू दे ना चार दिवस."

त्याला वाटलं मी पाहुणचाराचं बोलतोय. म्हणाला, नको काका, बायको वाट बघतेय, आधीच तुम्हाला खूप त्रास दिला. आईला त्याने खांद्यावरच्या रुमालाने पुसलं. मी तिला स्वच्छच ठेवलं होतं. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "तुम्ही ओळखायचा का आईला?"

मी हो म्हटलं.

"कशी वाटायची तुम्हाला?"

"शांत होत्या," मी म्हटलं. "समोरच्याचं सगळं ऐकून घ्यायच्या."

तो आधी गोंधळला आणि मग हसायलाच लागला. "आमची आई? साताऱ्याची होती ती, काका. तिच्यापुढं कुणाची तोंड उघडायची टाप नव्हती. शेवटच्या दिवशीसुद्धा डॉक्टरला झापलं तिनं."

म्हणजे माझ्या मालवणीतलं तिला ओ की ठो कळलं नसतं, आणि कळलं असतं तर तिने मला कधीच गप्प बसवलं असतं. मीही हसलो. मला ती बाई एकदम खूप हवीशी वाटली. मी खुर्ची पुढे केली, म्हटलं बसा, चहा टाकतो, काय काय बोलायच्या ते सांगा. तो अवघडला. खाली रिक्षा थांबवून आलोय, म्हणाला, मीटर चालू आहे.

"परत कधीतरी येतो, काका."

"रविवारी या," मी म्हटलं. "रविवारी मी घरीच असतो. कुठल्याही रविवारी या."

त्याने मान हलवली आणि आईला काखेत धरून तो जिना उतरला.