झोपेऐवजी बाटली

मालतीबाईचा राग लिंबायत वस्तीतल्या तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. लग्न होऊन अमळनेरकडून सुरतेत आली तेव्हापासून ती घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची, आणि समोर कोणीही असो, चुकलं त्याला चुकलं म्हणायची. नवरा धुडकू नेमका उलटा. कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, अर्धं आयुष्य गेलेलं, दिवसपाळी-रातपाळीच्या अदलाबदलीत झोप पार उडालेली, पण तोंडातून अवाक्षर नाही.

कारागिरांनी कारखान्याच्या शेठकडे एकच मागितलं होतं, पाळी दर आठवड्याला बदलू नका. शेठने त्याऐवजी कॅप्सूल विकणारा एक माणूस बोलावला. त्याने माइकवर अश्वगंधेचे गुण गायले. ताण जातो, झोप येते, ताकद वाढते, अपाय काहीच नाही. प्रत्येकाला कॅप्सूलची बाटली फुकट.

मालतीबाईला त्यात वावगं दिसलं नाही. माहेरी हिवाळ्यात आई दुधात चिमूटभर आसकंद उकळून द्यायची, ती हीच मुळी. धुडकूलाही जरा बरं वाटलं. "माले आते झोप लागस," तो म्हणाला.

हे लूमवर देखरेख करणाऱ्या मास्तरच्या कानावर गेलं आणि त्याने धुडकूकडे आणखी दोन लूम दिले. "काका, आता तर ताकद आलीय ना." झोप पुन्हा उडाली. धुडकूने तक्रार केली, तर मास्तर म्हणाला, "दोन कॅप्सूलच्या जागी चार घ्या. देशी वस्तू आहे." धुडकू चार घेऊ लागला.

दिवाळीच्या तोंडावर त्याला अंगभर खाज सुटली, अन्नावरची वासना गेली. एका सकाळी चहा देताना मालतीबाईने त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. "तुमना डोया पिवया दिसी ऱ्हायनात," ती म्हणाली आणि त्याला घेऊन थेट सरकारी दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, दारूचं विचारलं, इतर औषधांचं विचारलं. शेवटी बाटली पाहिली. "ही आजपासून बंद. लिव्हरला सूज आहे, आणि दुसरं कारण सापडत नाही."

"पन ही तं झाडनी मुई शे," धुडकू म्हणाला.

"असू द्या. हिच्याने काहींना झोपेला, ताणाला थोडाफार फायदा होतो. पण क्वचित एखाद्याच्या लिव्हरला ती झेपत नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय घ्यायची नाही, पोटुशी बाईने तर घ्यायचीच नाही. देताना तुम्हाला कोणी काही विचारलं?"

कोणीच विचारलं नव्हतं. मालतीबाईला शेजारची योगिता आठवली. तिला पाचवा महिना, आणि नवऱ्याने त्याच कारखान्यातून आणलेली बाटली तीच संपवत होती. मालतीबाईने ती तिच्याकडून काढून घेतली, तिला डॉक्टरबाईंकडे पाठवलं आणि दोन्ही बाटल्या घेऊन कारखाना गाठला.

"बेन, आ तो आयुर्वेद छे. कोईने कंई न थाय," शेठ म्हणाला.

"मुळीला मी नावं ठेवत नाही," मालतीबाई म्हणाली. तिचा आवाज लूमच्या खडखडाटावर चढला होता. "माणूस झोप मागत होता. तुम्ही बाटली दिली आणि तिच्या भरवशावर दोन लूम वाढवले. बैलाला पेंड घालून जास्त जुंपावं, तसं. काय विकतोय, कोणाला देतोय, हे त्या माइकवाल्यालाही विचारलं नाहीत."

"तेरे आदमी को कल से मत भेजना," शेठ म्हणाला.

एकाही कारागिराने लूम थांबवला नाही. घरी येईपर्यंत तिला शेठपेक्षा त्यांचाच जास्त संताप आला होता. पुढे कळलं, त्यातल्या काहींनी आपल्या बाटल्या गुपचूप मास्तरच्या टेबलावर ठेवून दिल्या. तिचा राग त्याने शमला नाही.

धुडकूचे डोळे हळूहळू निवळले. आता तो डिंडोलीत एका लहान कारखान्यात फक्त दिवसपाळी करतो. शेठकडे पाळ्या अजून तशाच बदलतात. आणि तो माइकवाला जवळच्या गोडादरा भागात रविवारी टेबल मांडून बसतो. मालतीबाई तिथे जाते, गर्दीत पुढे उभी राहते आणि म्हणते, "काविळीचं सांग. पोटुशीचं सांग." तो सांगेपर्यंत ती हलत नाही.