दहा सेकंदांच्या मॅडम

आमच्या पीटीच्या मॅडमच्या गळ्यात शिट्टी असायची, पण ती आम्ही क्वचितच ऐकली. त्यांचं लक्ष आमच्या मनगटांवर. मैदानाला फेरी मारून आलो की जागच्या जागी उभं राहायचं, अंगठ्याखाली दोन बोटं ठेवायची आणि स्टॉपवॉचकडे बघत त्या "हं" म्हणाल्या की दहा सेकंद ठोके मोजायचे. सहाने गुणून आकडा वहीत लिहायचा. भिवंडीतल्या आमच्या ज्युनियर कॉलेजात त्यांचं नावच 'दहा सेकंद' पडलं होतं.

अकरावी-बारावीला शारीरिक शिक्षण सक्तीचं, पण त्याच्या श्रेणी स्टाफरूममध्ये बसून भरायच्या असतात, अशीच सगळ्यांची समजूत. मॅडम मात्र तो विषय गणितासारखा शिकवत. फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढत, मोडलेल्या हाताला झोळी बांधायला लावत, तोंडी परीक्षा घेत. कुणी आठवड्याचे आकडे एका बैठकीत लिहिले तर त्यांना बरोबर कळे. "आकडा चांगला नको, खरा हवा," म्हणत आणि वही परत करत.

मी भिवंडीजवळच्या वडपे गावची. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. हमरस्त्यालगतच्या शेतांवर गोदामं उठत होती. आमच्याही शेतावर एक उठलं, दारात जीप आली. मला मात्र पोलीस व्हायचं होतं. आठशे मीटरमध्ये मी तालुक्यात पहिली आले होते आणि बारावीच्या हिवाळ्यात जिल्ह्यासाठी निवडली गेले. जिल्ह्याचं प्रमाणपत्र भरतीत कामी येईल, असं जो तो सांगे.

एक गोष्ट मी घरातही बोलले नव्हते. काही महिन्यांपासून, पळून आल्यावर माझे ठोके मोजताच येत नव्हते. तीन-चार भराभर पडत, मग एक गळे. धाप लवकर लागे. वहीत मी शेजारणीचा आकडा उतरवून टाकायचे.

स्पर्धा शनिवारी होती. सोमवारच्या सरावानंतर मॅडमनी माझं मनगट स्वतः धरलं. दहा सेकंद गेले, मिनिट गेलं, त्यांनी हात सोडला नाही. मग माझी वही मागवून मागची पानं चाळली.

"शनिवारी तू पळायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "आधी डॉक्टरचा कागद आण."

मी घरी जाऊन रडले. बुधवारी बाबा कॉलेजात आले. प्राचार्यांच्या खोलीत ते बसले होते, मॅडम उभ्या होत्या. मलाही बोलावणं आलं, तशी मी दोन जिने चढून धावत गेले.

"तालुक्यात पयली आली तवा काय झालं न्हाय," बाबा म्हणाले. "पीटीचा इषय तो केवढा, आन् त्यापायी माझ्या पोरीची भरती अडवता?"

"तिची नाडी बरोबर नाही," मॅडम म्हणाल्या. "यादीत तिच्या नावापुढे मी सही करणार नाही."

प्राचार्यांनी मला विचारलं, "तुला काही त्रास होतो का?"

मी मॅडमकडे न बघता म्हणाले, "नाही सर."

बाबांनी जबाबदारीचं पत्र लिहून दिलं. संघ दुसरे सर नेतील असं ठरलं. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक. प्राचार्यांनी त्याची आठवण त्यांना आमच्या देखतच करून दिली.

शनिवारी ठाण्याच्या मैदानावर मी चुन्याच्या रेषेजवळ उभी होते. नावं पुकारणं चालू होतं. मॅडम रजा टाकून आलेल्या मला दिसल्या. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर ओढून नेतील. त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी हात धरणार नाही. तूच मोज. नंतर पळायचं तर पळ."

त्यांनी स्टॉपवॉच काढलं. मी बोटं ठेवली. अजून एक पाऊलही पळाले नव्हते, तरी ठोके अडखळत होते. एक गळला, मग आणखी एक. माझं नाव पुकारलं गेलं. पुन्हा पुकारलं गेलं. मी रेषेपासून मागे सरले.

बाबा कठड्यापाशी होते. ते वळून जीपकडे चालू लागले, मी मागोमाग. परतताना कशेळीच्या पुलाआधी गाड्या तुंबल्या होत्या. त्या दीड तासात जीपमध्ये फक्त हॉर्न ऐकू येत होते. घर आल्यावर ते म्हणाले, "सोमवारी डॉक्टरकडं चल. तुझ्या मॅडमच्या तोंडावर कागुद टाकतो."

तो कागद टाकायची वेळ आली नाही. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याने माझ्या हृदयाची एक झडप अरुंद करून ठेवली होती. मुंबईच्या इस्पितळात मांडीतून नळी घालून ती फुग्याने मोकळी केली. पळणं सुटलं, पोलीसभरतीही. मॅडमनी माझी तोंडी परीक्षा घेतली, झोळी बांधायला लावली आणि तेवढ्यावर रीतसर श्रेणी दिली.

निकालाच्या सुमाराला कळलं की मॅडमची नेमणूक पुढे झाली नाही. बाबा संस्थेच्या कचेरीत दोनदा जाऊन आले. "ती बाई होती म्हून पोर हाय," असं तिथे सांगून आले. उपयोग झाला नाही.

मॅडम आपल्या गावी निघाल्या तेव्हा त्यांची ट्रंक बाबांनीच जीपमधून एसटी स्टँडवर आणली. बाबा ती बसच्या टपावर चढवत होते, तेवढ्यात मी मॅडमना म्हणाले, "त्या दिवशी सरांसमोर मी खोटं बोलले. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

"खोटं मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "'नाही सर' एवढं म्हणायला तुला दोनदा श्वास घ्यावा लागला. म्हणून तर शनिवारी आले." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नोकरी मिळेल मला. तू औषध चुकवू नकोस."

बाबा खाली उतरले, हात झटकले, काहीतरी बोलायला पुढे झाले. कंडक्टरने घंटी दिली. बाबांनी नुसते हात जोडले. बस वळणाआड गेली तरी ते तसेच उभे होते. जीपपाशी येऊन, किल्ली हातात धरून म्हणाले, "चुकलं माझं, एवढं तरी बोलायला पायजे व्हतं मी."