मास्तरांनी शिवलेलं कव्हर

आमच्या शेजारच्या शिंप्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांच्या बायकोची, म्हणजे आमच्या बाईंची, फुप्फुसं थकल्यापासून तिला बराच वेळ ऑक्सिजनच्या मशीनवर काढावा लागतो, आणि ते मशीन चालतं विजेवर. म्हणून मास्तरांनी मागच्या अंगणात जनरेटर आणला. परगावी राहणाऱ्या मुलीने बजावलं होतं, "बाबा, गॅसवरचा घ्या. पेट्रोल पडून पडून खराब होतं." पण मास्तरांना गॅसची धास्ती. "घरात ऑक्सिजन, दारात गॅस? नको गं बाई." पेट्रोलवरचाच आला.

मग त्यांनी त्याला कव्हर शिवलं. जाड कापड, कडेला लाल पायपिंग, हँडलसाठी काज, खाली नाड्या. बाई म्हणाल्या, "माझे कपडे कधी असे मापात बसले नाहीत!" मास्तर खुलले. कव्हर रोज झटकायचं, डाग दिसला की धुवायचं. जनरेटरची निगा म्हणजे त्यांच्या लेखी एवढंच. चालू करून बघायचं तर नाड्या सोडा, आवाज होणार, बाईंची झोपमोड होणार. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "नवाकोरा आहे हो. आत काय होणार?"

उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली. मास्तरांनी घाईत नाड्यांच्या गाठी सोडवल्या, दोरी ओढली, पुन्हा ओढली. हाताची सालटी निघाली, पण यंत्र नुसतं खोकत राहिलं. आत बाई धापा टाकत होत्या. शेवटी मी गाडी काढली आणि त्यांना रुग्णालयात पोहोचवलं. थोडक्यात निभावलं.

मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला. "काका, पेट्रोलचा पार डिंक झालाय."

बाई रुग्णालयात असतानाच मास्तरांनी जनरेटरला गॅसचं किट बसवून घेतलं आणि सिलिंडर अंगणात भिंतीपाशी ठेवला. बाई घरी आल्या, पण मास्तर त्यांच्या नजरेला नजर देईनात. मुलगी आली ती ठरवूनच. "आईला मी नेते." मास्तर बाईंचे कपडे घडी करून बॅगेत भरू लागले.

"अहो, मला कुणी विचारलंत का?" बाई म्हणाल्या. "बापलेकींनी माझं पार्सल बांधायला घेतलं!"

"आई, परत वीज गेली तर?"

"मग आत्ताच घालव. जनरेटर सुरू झाला तर मी इथेच राहणार."

मुलीने येताना आणलेला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर हाताशी ठेवला आणि मेन स्विच पाडला. अंगणात माझ्यादेखत मास्तरांनी दोरी ओढली. काही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसा चेहरा परत पाहायची वेळ माझ्यावर येऊ नये. दुसऱ्यांदा ओढली आणि जनरेटर धडधडला. मुलीने मशीनची पिन त्याच्या वायरला जोडली. मशीन सुरू झालं.

मुलीने बॅग रिकामी केली. "दर रविवारी जनरेटर मशीन जोडून चालवायचा. आणि मला फोनवर आवाज ऐकवायचा, बाबा."

मास्तरांनी मान डोलावली, पण घरात गेले नाहीत. पायरीवर बसून कव्हरच्या नाड्या उसवू लागले, ते एका हिसक्यात निघावं म्हणून. मग पायपिंगलाही कात्री लावली.

खिडकीतून बाई म्हणाल्या, "ती लाल किनार राहू द्या की. छान दिसते."

"नको," मास्तर म्हणाले. "तिच्याकडेच बघत बसलो मी."